माहूरची रेणुका, मॅनहॅटनचा झ्यूस

रिक रायर्डन यांची ‘द लाइटनिंग थीफ’ ही मुलांसाठीची कादंबरी २००५ साली आली. १२ वर्षांचा पर्सी, झ्यूसचं चोरीला गेलेलं वज्र आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या ६००व्या मजल्यावरचं ग्रीक देवांचं ऑलिंपस! पोरं खूश.

होट्टलची चालुक्यकालीन देवळं पाहत मोठ्या झालेल्या देगलूरकराला देवांचं हे बिऱ्हाड हलवणं फारसं अजब वाटू नये. जेजुरीचा खंडोबा नांदेड जिल्ह्यात माळेगावलाही आहेच. माहूरला तर रेणुकेच्या केवळ मुखाची पूजा होते. परशुरामानं आईचं, याच रेणुकेचं, शिर उडवल्याची कथा ऐकलेल्याला पर्सीच्या गोष्टीतलं मेड्यूसाचं छाटलेलं शिर परकं कसं वाटेल?

मराठीत प्रौढांसाठी ग्रीक पुराण आधीच आलं होतं. जी. ए. कुलकर्णींची ‘ऑर्फियस’ ही कथा ‘पिंगळावेळ’ (१९७७) मध्ये आहे. तिथं मौज नाही, मृत्यूशी झोंबी आहे. पर्सी मात्र पाताळातून सुखरूप वर येतो, पुढच्या भागाची सोय करूनच.