दैवाचा वाटा आणि माणसाचा निर्णय



आपल्या तालुक्यातील नेसरीची खिंड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी, महाशिवरात्रीला, सरनौबत प्रतापराव गुजर तेथे पडले. ते असे का गेले, असे विचारले म्हणजे दोन उत्तरे मिळतात. जुनी माणसे म्हणतात, आयुष्याची दोरी तेवढीच होती. तरुण म्हणतात, ते वीराचे वेड होते. ही उत्तरे पुरेशी आहेत काय? हे पाहण्यासाठी थोडी दूरची वाट धरू आणि ग्रीकांच्या महाकाव्यात जाऊन येऊ.

होमरचे ‘इलियड’ सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यात दैवाला ‘मोइरा’ असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ वाटा. आपला ‘भाग्य’ शब्दही ‘भाग’ यापासूनच झाला, आणि ‘हे माझ्या वाट्याला आले’ असे आपण आजही म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी दैवाची कल्पना वाटणीवरून करावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

हा वाटा देवांनाही सहसा मोडता येत नाही. देवाधिदेव झ्यूस याचा पुत्र सार्पेडॉन रणात मरणार असतो. त्याला उचलून न्यावे असे बापाच्या मनात येते. पण हेरा बजावते की, तू आपला मुलगा वाचवलास तर उद्या प्रत्येक देव तेच करील. झ्यूस रक्ताचे थेंब पृथ्वीवर पाडतो आणि मुलाला मरू देतो. मग देव करतात तरी काय? अकिलीझ संतापाने राजावर तलवार उपसतो, तेव्हा अथीना मागून त्याचे केस धरते आणि सांगते, ऐकणार असशील तर थांब. देवीने हात धरला, तरी तलवार म्यान केली ती अकिलीझनेच.

आता हेक्टरकडे पाहा. रात्री सैन्य कोटात घ्यावे, हा पॉलिडॅमसचा सल्ला त्याने झुगारलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याची माणसे कापली जातात. आईबाप तटावरून हाका मारतात. पण आता कोणत्या तोंडाने आत जाऊ, या लाजेने तो वेशीबाहेर उभा राहतो. पुढे झ्यूस तराजू उचलतो, हेक्टरचे पारडे खाली जाते, अथीना त्याच्या भावाचे रूप घेऊन त्याला फसवते. हे सारे खरे. परंतु वेशीबाहेर थांबण्याचा निश्चय त्याने त्याआधीच केलेला असतो.

आपल्या बखरींतही हेच घडते. पानिपतावरील बखरकार महाभारताच्या उपमा देतो, आणि होणार ते चुकत नाही असा सूर लावतो. पण कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेली बखर पाहा. अफजलखानाच्या भेटीपूर्वी भवानी महाराजांना यशाचे अभय देते, असे तो लिहितो. म्हणून महाराज निर्धास्त झाले काय? मुळीच नाही. त्यांनी मसलत केली, आपले बरेवाईट झाले तर राज्य कसे राखावे ते सांगून ठेवले, अंगरख्याखाली चिलखत चढवले आणि जावळीच्या रानात फौज पेरली. श्रद्धेने धीर आला. तयारी मात्र माणसाने केली.

या उजेडात नेसरीकडे परतू. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी बहलोलखानाचे पाणी तोडले. खान शरण आला, तेव्हा त्याला वाट दिली. खान पुन्हा उलटला. त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका, अशा आशयाचा निरोप महाराजांनी धाडला, असे सभासद सांगतो. त्याच्या बखरीत नेसरीला मोठी लढाई आहे. सात स्वारांची कथा कुसुमाग्रजांच्या कवितेने घरोघर नेली. आकडा कोणताही माना. खिंडीत कोणी देव उतरला नाही, कोणी तराजू उचलला नाही. तेथे धन्याच्या शब्दाने घायाळ झालेला एक सेनापती होता. हेक्टरसारखाच तोही लाजेने बांधला गेला होता.

याला नुसते दैव म्हटले तर उमराणीची दया, महाराजांचा कठोर शब्द आणि प्रतापरावांचा निश्चय, तिन्ही पुसली जातात. वेड म्हटले तर त्यांची शुद्ध हरपली होती असे होते. ते शुद्धीवर होते. दयेची किंमत त्यांनी प्राण देऊन भरली. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला असताना महाराजांनी आपला सरनौबत गमावला. पुढे राजारामांसाठी त्यांनी प्रतापरावांचीच कन्या सून करून आणली.

मरण प्रत्येकाच्या वाट्याला असते. होमरलाही ते ठाऊक होते. पण प्रतापरावांनी काय केले आणि का केले, हे सांगणे इतिहासाचे काम आहे, आणि नेसरीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यावर त्याची जबाबदारी थोडी अधिक आहे. पुढच्या शिवरात्रीला मुलांना खिंडीत न्याल, तेव्हा उमराणीपासून गोष्ट सुरू करा.