अणुबॅटरीचे कोल्हापुरी भाऊबंद

अणुबॅटरीचा मूळपुरुष हेन्री मोस्ले. या इंग्रज तरुणाने 1913 साली आतून चांदीचा मुलामा दिलेल्या काचेच्या गोळ्यात किरणोत्सारी द्रव्याची इवलीशी कुपी टांगली. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनच. ते कुपीतून सुटत गेले, तसा कुपीवर धन प्रभार साठत जाऊन विद्युतदाब दीड लाख व्होल्टच्या घरात पोचला. व्होल्ट एवढे, करंट मात्र नावापुरता. दोनच वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, मोस्ले गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

पुढची पिढी 1954 च्या आसपासची. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या पॉल रॅपापोर्टने स्ट्रॉन्शियम-90 चे बीटा कण अर्धवाहकावर सोडून थेट वीज मिळवली. त्याच साली बेल लॅबने सिलिकॉनचा सौरसेल जाहीर केला, म्हणजे दोघं चुलतभावंडंच. एकाला सूर्य मिळाला, तो नावारूपाला आला. दुसऱ्याच्या नशिबी किरणांच्या माऱ्याने खिळखिळं होणारं सिलिकॉन. 1970 च्या दशकात प्रोमेथियम-147 वर चालणारे पेसमेकर रुग्णांच्या छातीत बसले खरे. पण लिथियमची बॅटरी आली आणि हे घराणं वळचणीला गेलं.

खोट इंधनात नव्हती. निकेल-63 चं अर्धायुष्य सुमारे 100 वर्षं, कार्बन-14 चं 5,730. खोट होती ती झेलणाऱ्या पृष्ठभागात. सपाट चकतीवर द्रव्य पसरलं की निम्मे कण उलट्या दिशेला जातात; थर जाड करावा, तर द्रव्य स्वतःचेच कण गिळतं. त्यावर उपाय म्हणजे अनारशासारखा जाळीदार थर. त्याची छिद्रं काही नॅनोमीटरची, त्यामुळे झेलायला जागा अनेक पटींनी वाढते.

असे थर बनवण्याच्या कामात कोल्हापूर जुनं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात महागड्या निर्वात यंत्रांवाचून, बीकरमध्ये थर चढवले जात. ‘सिलार’ ही पद्धत फ्रान्समधल्या निकोलाऊंनी 1985 मध्ये मांडलेली, तिच्यावरचा एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे यांचा 2004 चा आढावा आजही जगभर आधाराला घेतला जातो. काचेची पट्टी धातूच्या क्षारात बुडवायची, पाण्यात धुवायची, सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. हे चक्र चालूच ठेवायचं. कॅडमियम सल्फाइड असेल, तर पट्टी आधी लिंबासारखी फिकट दिसते, मग गडद पिवळी होत जाते. उद्देश सौरसेल आणि सुपरकपॅसिटरचा. किरणोत्साराशी संबंध नव्हता.

पण टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर सौरसेल आणि अणुबॅटरी या दोन्ही घरांत चालतो. 2014 मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या जे क्वॉन यांनी तो स्ट्रॉन्शियम-90 च्या किरणांखाली पाण्यात ठेवला. कोरियातल्या सु-इल इन यांनी त्याच थरावर रंगद्रव्य चढवून, दोन्ही इलेक्ट्रोडवर कार्बन-14 वापरून, कार्यक्षमता 0.48 वरून 2.86 टक्क्यांवर नेल्याचं 2025 मध्ये सांगितलं.

आकडा लहानच. अणुबॅटरीवर मोबाइल चालणार, या बातम्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं: चीनच्या बीटाव्होल्ट कंपनीने 2024 मध्ये जाहीर केलेली बॅटरी 100 मायक्रोवॉटची आहे. फोनला अशा हजारो लागतील. खोल समुद्रातल्या संवेदकाला, पेसमेकरला मात्र तेवढं पुरतं.

कोल्हापुरात कुणाला हा प्रयोग करायचा झाला, तर थरासाठी चार बीकर पुरतील. कार्बन-14 साठी मुंबईला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे अर्ज करावा लागेल.