काडतूस कोणी भरावे?

शिकारीच्या वर्णनांत वाघ, मचाण आणि नेमबाज यांचाच बहुधा गौरव होतो. काडतुसाकडे कोणी वळत नाही. वास्तविक बंदुकीचे सारे सामर्थ्य त्या पितळी नळकांड्यात साठविलेले असते, आणि ते नळकांडे कोणाच्या हाताने भरले जावे, हा प्रश्न कारागिरीचा तितकाच राज्यकारभाराचाही ठरला आहे.

हा इतिहास समजून घेण्यास चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपन्याचा मुलूख मोठा सोयीचा आहे. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेस माणिकगडाचे डोंगर, अशा बेचक्यात हा टापू वसला आहे. १८५३ मध्ये पैनगंगेपलीकडील वऱ्हाडाचा कारभार आणि १८५४ मध्ये वर्धेपलीकडील चांदा इंग्रजांच्या हाती गेला. कोरपना व राजुरा मात्र १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबादकडेच राहिले. नदी ओलांडली की कायदा बदले. रानडुकरे आणि वाघ यांना मात्र ही सरहद्द ठाऊक नव्हती.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात काडतूस कोणी भरावे हा प्रश्नच नव्हता. शोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू नळीच्या तोंडातून ओतावी, चिंधीचा बोळा गजाने ठासावा, वर शिशाची गोळी किंवा छर्रे सोडावेत, आणि चापाखाली टोपी बसवावी, एवढेच काम असे. प्रत्येक बार हा भरणाऱ्याच्या हाताचा असे, आणि दारू कमीअधिक झाल्यास इजाही त्याच हाताला होई.

१८५७ साली दातांनी तोडावयाच्या कागदी काडतुसाने केवढा क्षोभ उसळला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने लष्करी बंदुकीकरिता पितळी काडतूस सिद्ध केले, आणि १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. कागद एका बारात जळून जाई. पितळी कोठी मात्र बार उडाल्यावरही शिल्लक राही. जुनी टोपी काढून नवी बसवावी, मोजून दारू घालावी, तोंडाशी गोळी घट्ट करावी, की तेच काडतूस पुन्हा कामास येई. शिकाऱ्याच्या दृष्टीने ही काटकसर होती; सरकारच्या दृष्टीने तोच धोका होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचे बंधन घातले, तेव्हा बंदुकीबरोबर दारूगोळाही त्यात गोवला गेला. या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला होता.

सरकारची ही भीती सर्वांत स्पष्ट दिसली ती ४५० बोअरच्या रायफलीसंबंधी. १८७१ पासून इंग्रजी सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेन वजनाची, म्हणजे आपल्या मापाने बरोबर दोन तोळे आठ मासे असे. तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू भरीत. पुढे १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने मोठ्या शिकारीकरिता ४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस काढले. त्याची गोळीही ४८० ग्रेनचीच होती. परंतु सुमारे ७० ग्रेन कॉर्डाइटच्या जोरावर तिचा वेग सेकंदास १,३५० फुटांवरून २,१५० फुटांवर गेला. जुन्या मार्टिनी रायफली एव्हाना सरकारच्या विरोधकांच्या हातीही पडल्या होत्या. शिकारीची काडतुसे सोडवून त्यांतील गोळ्यांनी मार्टिनीची काडतुसे कोणी भरली तर काय, या चिंतेने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान येथे ४५० बोअरची आयात बंद करण्यात आली. हैदराबादला स्वतःचे बंदर नसल्यामुळे इंग्रजी बंदरांवरील ही बंदी पैनगंगेच्या दक्षिणेसही आपोआप जाणवली असली पाहिजे.

परिणाम मौजेचा झाला. बंदुकवाल्यांनी मुळीच माघार घेतली नाही. ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशा मापांची रांगच लागली. प्राण्याच्या दृष्टीने त्यांत फरक फारसा नव्हता. फरक एवढाच की त्यांची गोळी मार्टिनीच्या नळीस बसणारी नव्हती.

कॉर्डाइटने घरी काडतूस भरण्याच्या कलेस दुसराही अडसर घातला. ही दारू शेवयांसारख्या लांब तंतूंची असे. ३०३ सारख्या बारीक मानेच्या काडतुसात तंतू आधी भरून मग मान आवळावी लागे. हे काम कारखान्याचेच. शिवाय कॉर्डाइट उष्णतेने चेवते. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तेथे थंड विलायतेत योग्य ठरलेले प्रमाण जास्त होई, दाब वाढे, आणि उडालेली कोठी नळीत अडकून बसे. समोर जखमी जनावर असता याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. म्हणून उष्ण देशांकरिता दारू कमी घातलेली काडतुसे वेगळी बनवीत.

१९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंड यांनी ३७५ मॅग्नम काढले, त्यातही हाच विचार दिसतो. 'मॅग्नम' म्हणजे लॅटिनमध्ये थोरले. त्याच्या निमुळत्या कोठीत तंतू सामावत आणि उडाल्यावर ती सहज बाहेर येई. तिच्या बुडाशी पितळेचा कमरपट्टा असे. पुढे दाणेदार दारूमुळे अमेरिकेत असली काडतुसे घरोघर भरली जाऊ लागली. त्यास तेथील टोपीही अनुकूल होती, कारण ती सुईने सहज निघे. गंमत अशी की ही टोपी इंग्रज बॉक्सरची; आणि काढण्यास अवघड अशी जी टोपी इंग्रजांनी पत्करली, ती बर्डन या अमेरिकनाची!

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई केली. तथापि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख त्यात आहे. म्हणजे मॅग्नमचे काडतूस भरणारा हात कायद्याने कारखान्यापुरता बांधला, आणि शेतकऱ्याचा ठासणारा हात परवान्यानिशी मोकळा ठेवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या हक्कावर कठोर बंधने आली, आणि त्या थोरल्या काडतुसांचे प्रयोजनही सरत गेले. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र सरला नाही. पीक आणि जनावर यांचा झगडा या मुलखात आजही चालू आहे.

शेजारच्या राजुरा भागात अनेक माणसांचे बळी घेणारा वाघ २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जिवंत पकडण्यात आला. अशा प्रसंगी भुलीच्या बाणात औषध भरताना पशुवैद्य जनावराच्या वजनाचा अंदाज घेऊन मात्रा ठरवितो. थोडी कमी पडली तर वाघ उठतो, थोडी जास्त झाली तर तो दगावतो. मोजून भरण्याची जुनी विद्या अशा रीतीने जीव घेण्याकडून जीव राखण्याकडे वळली आहे. हात चुकू नये, ही अट मात्र पूर्वीइतकीच कठोर आहे.