खिमा (सातारा-सांगली)

खिमा : सुऱ्याने बारीक कुटलेले किंवा यंत्रातून काढलेले मांस, तसेच या मांसात कांदा, मसाला आणि एखादी भाजी घालून एकाच भांड्यात केलेला सुका किंवा अंगापुरता रस ठेवलेला पदार्थ. सातारा-सांगलीत खिमा म्हटले की तो बोकडाचा, आणि माण, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात पुष्कळदा मेंढराचा, हे न सांगता गृहीत असते. अमेरिकेतील घरांत याच पद्धतीने, एकाच पसरट भांड्यात, गोमांसाचा खिमा आणि भाज्या शिजवून रात्रीचे जेवण उरकतात. फिलिपाइन्सचा गिनिलिंग आणि लॅटिन अमेरिकेतला पिकादियो हेही याच कुळातले. त्यांतही बटाटा असतो, आणि गिनिलिंगमध्ये तर गाजर-मटारही. कृष्णाकाठच्या माणसाला ते ताट परके वाटणार नाही, तिखट तेवढे कमी वाटेल.

या भागात मटणाचा खरा मान रश्शाला आहे. गावची यात्रा, जावळ, देवाचा नवस, आखाडातले जेवण, कुठेही पहिला प्रश्न रस्सा कसा झालाय हाच. त्यामागे हिशेब आहे. हाडासकट मटण शिजवले की त्याचे अळणी पाणी निघते, त्यात चटणी आणि वाटण पडते आणि पंगत वाढली की आधणाचे पाणीही वाढते. एका बोकडात किती माणसे जेवतील याचे उत्तर त्यामुळे लवचिक राहते. खिम्याला ही सोय नाही. हाड नाही म्हणून त्याचा दमदार रस्सा होत नाही, आणि पाणी वाढवले तर तो पातळ आमटीत बुडालेल्या भुग्यासारखा लागतो. म्हणून यात्रेच्या पातेल्यात खिमा सहसा दिसत नाही. तो चार माणसांच्या घरचा, अर्ध्या किलोचा, तासाभरात होणारा पदार्थ आहे. रश्शात जे काम आधण करते ते खिम्यात बटाटा, मटार, घेवडा किंवा मेथी करते. खिम्यातली भाजी म्हणजे चवीची हौस असे काही जण मानतात, पण मुळात ती पुरवठ्याची युक्ती आहे. चव मागाहून जमली आणि मग सुटेना.

मांसाबद्दल थोडे तपशिलात. बोकड बहुधा उस्मानाबादी जातीचा किंवा त्या जातीच्या संकराचा, अंगाने काळा. मेंढरात दख्खनी आणि जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, फुगीर नाकाची माडग्याळ मेंढी. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार दूरवर माहीत आहे. बोल्हाई देवीचे भक्त असलेल्या कुटुंबांत बोकडाचे मांस वर्ज्य असते, मेंढराचे चालते. त्यामुळे काही दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी वेगळी पाटी असते. मेंढराच्या खिम्यात चरबी अधिक असल्यास तेल हात राखून घालावे लागते.

गोमांसाचा खिमा इथे होत नाही, त्याला श्रद्धा, शेती आणि कायदा अशी तिन्ही कारणे आहेत. माणदेश हा खिल्लार बैलांचा प्रदेश. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, आणि ज्या बैलाला बेंदराला पुरणपोळी भरवायची त्याच्याकडे शेतकरी मांस म्हणून पाहत नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा १९७६ चा. त्यात गोवंशापैकी गाईच्या कत्तलीवर बंदी होती. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने वळू आणि बैलही बंदीखाली आले. म्हैसवर्गीय जनावरे या बंदीत नाहीत. मिरजेसारख्या शहरात म्हशी-रेड्याच्या मांसाचा खिमा काही मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत शिजतो. तो अधिक गडद, अधिक चिवट आणि चरबीला कमी असल्याने त्याला शिजायला वेळ जास्त द्यावा लागतो. दलित समाजाच्या स्वयंपाकाचा इतिहास या संदर्भात वगळता येत नाही. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत सांगितले. त्या आधीच्या आणि नंतरच्या खाण्याची मराठवाड्यापुरती तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आहे. सातारा-सांगलीपुरते तसे काम व्हायला हवे.

खिम्याची अर्धी चव दुकानातच ठरते. फऱ्याचे (पुढच्या पायाचे) किंवा मांडीचे मटण त्यासाठी घेतात. अगदी चरबीविरहित मांस घेतले तर खिमा रुक्ष आणि भुसभुशीत होतो, म्हणून जाणते गिऱ्हाईक थोडी चरबी ठेवायला सांगते. दुकानदार लाकडी ओंडक्यावर सुऱ्याने करतो तो हाताचा खिमा. त्याचे कण लहानमोठे राहतात आणि दाताखाली मटण असल्याचे कळते. यंत्राचा खिमा एकसारखा आणि मऊ, कबाबाला चांगला, पण बटाट्याबरोबर शिजवताना त्याचा लगदा व्हायची भीती. धुण्याचा प्रश्न नेहमीचा आहे. खिमा करून आणल्यावर धुतला तर त्याचा रस पाण्याबरोबर जातो आणि उरलेले पाणी कढईत उतरते. मटण आधी धुऊन, निथळून मग त्याचा खिमा करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग. ते जमले नाही तर बारीक चाळणीत घेऊन एकदाच पाणी सोडावे आणि हाताने दाबून निथळावे.

मसाला म्हणजे घरची चटणी, अर्थात कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी आणि तिखटपणासाठी लवंगी अशा मिरच्यांची मिसळ वाळवून, तळलेला कांदा, लसूण, खोबरे, धणे, तीळ आणि गरम मसाल्यासह ती डंकावर कुटून आणतात आणि वर्षभर बरणीत पुरवतात. तिच्यात जाडे मीठ आधीच असते. हे विसरून खिमा खारट करणाऱ्यांत नवखे आणि पुणे-मुंबईचे पाहुणे आघाडीवर. हळद सांगलीची, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आले साताऱ्याचे, कारण हा जिल्हा आल्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. एवढे असताना खिम्यात बाजारचा तयार ‘मटण मसाला’ टाकणे म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवणे.

कृती. चार माणसांना अर्धा किलो खिमा, तीन मध्यम कांदे, दोन बटाटे, वाटीभर मटार, एक मोठा टोमॅटो, दोन चमचे आले-लसणाचे वाटण, अर्धा चमचा हळद, दोन चमचे चटणी आणि तीन-चार चमचे तेल पुरते. भांडे पसरट हवे. लोखंडी कढईत खिमा खमंग परतला जातो, पण टोमॅटोचा आंबटपणा लोखंडाला लागून रस काळपट होतो आणि चवीला लोखंड येते. टोमॅटो घालायचा तर जाड बुडाचे हिंडालियमचे किंवा स्टीलचे पातेले बरे. तेल तापल्यावर कांदा गुलाबी करून त्यात वाटण परतावे, मग खिमा आणि हळद घालावी.

इथून पुढची दहा-बारा मिनिटे निर्णायक. खिमा पडताच गरम भांडे थंडावते, मांसाचे पाणी सुटते आणि सगळे राखाडी होऊन फदफदू लागते. या वेळी मांस परतले जात नसते, आपल्याच पाण्यात उकडत असते. गुठळ्या होतात त्याही आत्ताच, म्हणून उलथन्याच्या कडेने त्या सतत मोडत राहाव्या लागतात. आच मोठी ठेवून, झाकण न ठेवता पाणी आटवले की आवाज बदलतो. फदफद थांबून चरचर सुरू होते, कडेने तेल दिसते आणि बुडाला तपकिरी खर चिकटू लागते. पाणी असेतो भांड्यातले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंगपणा त्याहून बऱ्याच वर जन्मतो. चरचर होण्याची वाट पाहायची ती एवढ्यासाठीच. घाईत असलेले लोक फदफदतानाच चटणी आणि पाणी घालून कुकरची शिट्टी करतात. असा खिमा शिजतो, पण त्याला उकडलेल्या मटणाचा वास राहतो आणि मग तो मसाल्याने झाकावा लागतो.

तेल सुटल्यावर आच मंद करून चटणी घालावी. मोठ्या आचेवर ती क्षणात करपते आणि कडवट होते. ती अर्धा मिनिट परतून टोमॅटो घालावा. त्याच्या पाण्याने बुडाची खर सुटते आणि रसात मिसळते. मग बटाट्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी आणि कपभर गरम पाणी. पाणी गरमच हवे, थंड पाण्याने शिजण्याचा वेग मोडतो. भांड्यावर ताट ठेवून ताटातही पाणी घालायची पद्धत आहे. वाफ त्या गार ताटाला लागून परत थेंब होऊन खाली पडते, म्हणून खिमा तळाला लागत नाही. आणि आत पाणी कमी वाटले तर ताटातले तापलेले पाणी हाताशी असते. पंधरा मिनिटांत बटाटा शिजतो. ताजा मटार शेवटच्या पाच-सात मिनिटांत, वाळवलेला असेल तर आधी भिजवून आणि उकडून. मीठ चाखून शेवटी, वर कोथिंबीर.

मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते कुटताना आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे अर्धवट शिजलेला खिमा चालत नाही. आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान गाठणे ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. वरच्या रीतीत ती आपोआप ओलांडली जाते.

भाजी ऋतूप्रमाणे बदलते. मटार पुरंदर-सासवडकडचा, बटाटा पुसेगाव परिसरातला. हिवाळ्यात मेथी किंवा शेपू. पालेभाजी पाणी सोडते म्हणून तेव्हा वरून पाणी जवळजवळ घालत नाहीत. घेवडा, फ्लॉवर, गाजर, कोबी चालतात. भिजवलेली हरभरा डाळ घालून केलेला खिमा सगळ्यांत पुरवठ्याचा. वांगे मात्र गळून सगळ्यावर आपला अंमल बसवते. कृष्णाकाठची वांगी भरतासाठी राखून ठेवलेली बरी. जेवायला शाळूची भाकरी, तोंडी लावायला कच्चा कांदा आणि लिंबू.

खिम्याला वाराचे बंधन आहेच. बहुतेक हिंदू घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि सगळा श्रावण सोडून बुध, शुक्र, रविवार हे मटणाचे वार. माळकरी घरात मटण चुलीवर चढत नाही. एकाच घरात सासू माळकरी आणि मुले खाणारी असतील तर मटणाचे पातेले, पळी आणि कधी कधी शेगडीही वेगळी असते, आणि स्वयंपाक परड्यात किंवा पडवीत होतो. एकाच भांड्यात सगळे आटोपणारा पदार्थ अशा घरांना सोयीचा पडतो, कारण बाटणारे भांडे एकच असते.

सातारा जिल्ह्यातून गिरणीत आणि गोदीत कामाला गेलेल्या पुरुषांनी मुंबईत खिमा वेगळ्या रूपात पाहिला, इराण्याच्या हॉटेलातला, पावाबरोबरचा. तो बहुधा मटाराचा, रसाला अधिक आणि कांदा-लसूण मसाल्याविना. गावातल्या टपऱ्यांवर आणि महामार्गावरच्या धाब्यांवर मिळणारा खिमा-पाव त्याच घराण्यातला आहे. विटा-आटपाडी-तासगाव भागातील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभरातल्या शहरांत पांगले आहेत. त्यांच्याकडे गावाहून चटणीचा डबा जातो, आणि मटण तिथले असले तरी खिमा गावचाच होतो.

उरलेला खिमा दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळून खावा. सकाळी त्यात अंडे फोडून परततात, किंवा बटाटा हाताने मोडून तोच सारण म्हणून चपातीत भरतात. कच्चा खिमा मात्र अखंड मटणाइतका टिकत नाही, तो आणल्या दिवशीच शिजवावा.