नरोऱ्याची रात्र: बॅटरी आणि जनरेटर यांच्या जोडीची गोष्ट

तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा नागपूरला, एक गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. वीज जाते, यूपीएस बीप करतो, थोड्या वेळाने खाली जनरेटर धडधडू लागतो आणि लिफ्ट पुन्हा चालू होते. बॅटरी आणि जनरेटर ही जोडी आपण इतकी गृहीत धरली आहे की ती कशी बनली आणि कुठे तुटते, याचा विचारच होत नाही. आज तोच इतिहास पाहू.

दोन साधने का लागतात? जनरेटरला सुरू होऊन वेग धरायला काही सेकंद लागतात. संगणक किंवा व्हेंटिलेटर तेवढे थांबू शकत नाही. बॅटरी क्षणात वीज देते, पण थोडाच वेळ पुरते. म्हणून पहिले क्षण बॅटरीचे आणि पुढचे तास डिझेलचे, अशी वाटणी झाली.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ही वाटणी फार सोप्या रीतीने केलेली होती. सगळी यंत्रणा ४८ व्होल्टच्या बॅटरीवरच चाले आणि ती बॅटरी चार्ज होत राही, कधी ग्रिडच्या विजेवर, कधी इंजिनवर. वीज गेली तरी फोनला पत्ता लागत नसे. संगणकांच्या काळात स्वस्त यूपीएस आले ते वेगळ्या पद्धतीचे. ते बाहेरची वीज तशीच पुढे पाठवतात आणि ती बिघडली की बॅटरीवर जातात. इथेच जनरेटरशी खटका उडतो. लिफ्टची मोटर सुरू झाली की छोट्या जनरेटरचा वेग क्षणभर पडतो आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरते. यूपीएसला ही वीज खराब वाटते आणि तो बॅटरीवर जातो. खाली जनरेटर चालू, वर बॅटरी रिकामी होतेय, असा विचित्र प्रकार घडतो. उपाय म्हणजे जनरेटर पुरेसा मोठा घेणे, किंवा येणारी वीज आधी डीसी करून तिच्यापासून पुन्हा स्वच्छ एसी बनवणारा यूपीएस वापरणे. म्हणजे एका अर्थी टेलिफोन एक्स्चेंजचीच जुनी युक्ती.

घरात हा नुसता वैताग असतो. अणुवीज केंद्रात तो जीवनमरणाचा प्रश्न होतो. अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्यात लगेच सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत राहते आणि ती काढून घ्यायला पाणी खेळते ठेवावे लागते. म्हणून आपल्या केंद्रांत विजेचे चार वर्ग असतात. चौथा वर्ग ग्रिडचा, तिसरा डिझेल जनरेटरचा, दुसरा यूपीएसचा आणि पहिला थेट बॅटरीचा. एक गेला तर दुसरा आहेच, अशी ही रचना.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात ही रचना कोसळली. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, प्रचंड हादरे बसले, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि तेलानेही पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी भट्टी काही सेकंदांत बंद केली. पण आग केबलपर्यंत पोहोचली. राखीव विजेच्या वेगवेगळ्या मार्गांच्या केबल एकाच भागातून, पुरेशा आडोशाशिवाय गेलेल्या होत्या. त्या जळाल्या आणि चारही वर्ग हातचे गेले. नियंत्रण कक्षात धूर भरला, तोही सोडावा लागला. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होते.

मग वाचवले कोणी? कर्मचारी टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण हाताने सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या पंपांना स्वतःची डिझेल इंजिने होती, त्यांना विजेची गरजच नव्हती. त्या पंपांनी बाष्पजनकांना पाणी दिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. मला या प्रसंगातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कामी आले ते इतरांपासून अलग असलेले साधन.

१८ वर्षांनी जपानमध्ये हाच धडा फार महागात पडला. ११ मार्च २०११ ला भूकंपाने फुकुशिमा दाइचीची बाहेरची वीज गेली. डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली. बहुतेक जनरेटर तळघरात होते, ते बुडाले. पहिल्या आणि दुसऱ्या युनिटच्या बॅटऱ्याही गेल्या. पाण्याची पातळी नुसती वाचता यावी म्हणून कामगारांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून मीटरना जोडल्या. तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. पाचवी आणि सहावी मात्र वाचल्या, कारण सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एक जनरेटर पाण्याच्या तडाख्यातून सुटला आणि त्याची वीज दोन्हींना देता आली.

नरोऱ्यात आग होती, फुकुशिमात पाणी. दोन्हीकडे राखीव साधनांची संख्या कमी नव्हती. एकच संकट सगळ्यांपर्यंत पोहोचू शकत होते, ही खरी उणीव होती. नरोऱ्यानंतर आपल्या इतर केंद्रांत टर्बाइनची पाती तपासली गेली आणि केबल वेगळ्या करण्याकडे व आगीपासून जपण्याकडे लक्ष दिले गेले.

हे सगळे अणुवीजवाल्यांपुरते नाही. तुमच्या गावच्या रुग्णालयात, तुमच्या सोसायटीत हीच जोडी आहे. तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. जनरेटर आणि बॅटऱ्या एकाच तळघरात आहेत का, जिथे पावसाचे पाणी शिरते? दोघांच्या केबल एकाच डक्टमधून वर जातात का? आणि मुख्य वीज खरोखर बंद करून, पूर्ण भार टाकून, ही जोडी शेवटची कधी तपासली? जनरेटर नुसता सुरू करून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. यूपीएसने त्याची वीज स्वीकारली का, हे पाहायला हवे.

उत्तरे मिळाली तर कळवा. भेटू पुढच्या भागात.