हॅम रेडिओ, मुक्त सॉफ्टवेअर आणि बीडचे चार चौकोन

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून, कसलाही मोबदला न घेता चालवलेली बिनतारी संदेशसेवा. ती चालवणाऱ्याला जगभर 'हॅम' म्हणतात. भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेने परीक्षा घ्यायची आणि परवाना द्यायचा, अशी पद्धत आहे. अर्ज वयाच्या बाराव्या वर्षापासून करता येतो. परवान्याची एक अट सगळीकडे सारखीच: या लहरींवरून धंद्याचे बोलणे चालत नाही. हॅम मंडळींमध्ये आधी सर्किटे आणि पुढे सॉफ्टवेअर फुकट, मोकळेपणाने फिरत राहिले, त्याच्या मुळाशी ही अट आहे.

भारतातले पहिले हॅम कलकत्त्याचे. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये सुरुवात केली आणि पाठोपाठ मुकुल बोस आले. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच परवाने रद्द झाले आणि संच जमा करण्याचे हुकूम निघाले. तरीही १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ काही महिने चालवला. त्याचा प्रक्षेपक उभा करण्यात हौशी रेडिओवाल्यांचेच ज्ञान कामी आले. बीड जिल्हा मात्र या घडामोडींपासून दूर, निजामाच्या राज्यात होता. तिथल्या लोकांना माहीत असलेला रेडिओ म्हणजे हैदराबाद आणि औरंगाबादहून बोलणारा दख्खन रेडिओ. मे १९४८ मध्ये महू येथे ॲमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हाही बीडवर निजामाचाच अंमल होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला. प्रशासन पुढे मुंबईकडे वळले. बिनतारीच्या बाबतीत मात्र बीडची दिशा बरीच वर्षे हैदराबादचीच राहिली, असे म्हणायला जागा आहे.

स्वातंत्र्यानंतरची तीनचार दशके डाग देण्याच्या कथिलाची. परदेशी संचांवरची जकात परवडत नसे, म्हणून युद्धातून उरलेले सामान, जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग यांतून संच घरीच जोडायचे. सर्किटाची आकृती हाताने उतरवून पुढच्याला दिली जाई. त्याने तीत एखादा कंडेन्सर बदलला, तर तो बदलही परत पहिल्याकडे येई. सॉफ्टवेअरच्या जगात 'मूळ कोड उघडा ठेवा, सुधारणा परत द्या' हा नियम कायद्याच्या भाषेत लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी हॅम मंडळी तो पाळत होती.

१९८४ मध्ये आयात शुल्कात सवलत मिळाली आणि त्याच दशकात संगणक रेडिओला जोडला गेला. अमेरिकी हॅम फिल कार्न यांनी १९८५ च्या सुमारास इंटरनेटचे मूळ नियम, म्हणजे टीसीपी/आयपी, साध्या डॉस संगणकावर आणि रेडिओवर चालतील असा प्रोग्राम लिहिला. तो त्यांच्या केए९क्यू या कॉलसाइननेच, म्हणजे परवान्यावरच्या ओळखनावानेच, ओळखला जातो. हॅम आणि शिक्षणसंस्थांना तो विनामूल्य होता. धंद्यासाठी तसा नव्हता, म्हणून आजच्या व्याख्येत तो पुरता मुक्त ठरत नाही. पुढे रेडिओवरून डेटा पाठवण्याची एएक्स.२५ ही पद्धत थेट लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यात आली. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाचे एकेकाळचे प्रमुख आणि 'ओपन सोर्स'च्या व्याख्येचे कर्ते ब्रूस पेरेन्स हे स्वतः हॅम आहेत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

भारतात हे हाती लागायला वेळ लागला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेही मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या महागड्या मिनिटांवर. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. आतल्या भागातल्या वाचकाला मुक्त सॉफ्टवेअर मिळण्याचा तो खरा व्यवहार्य मार्ग होता.

कथिल आणि संगणक या दोन काळांच्या सांध्यावर किल्लारीचा भूकंप येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली, आणि धक्का शेजारच्या बीडलाही जाणवला. टेलिफोन कोलमडले. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओने, जी १९८३ पासून काम करत होती, आपले हॅम भूकंपग्रस्त भागात पाठवले. त्या कामात संगणकाची चैन नव्हती. बोलायचे, ऐकायचे आणि संदेश कागदावर उतरवून घ्यायचा.

हौशी रेडिओत सॉफ्टवेअरचा खरा पूर आला तो संगणकाचे साउंडकार्ड स्वस्त झाल्यावर. १९९८ च्या अखेरीस ब्रिटिश हॅम पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके३१ ही मजकूर पाठवण्याची पद्धत जाहीर केली, आणि तिचे नियम सर्वांना खुले ठेवले. वेगळे यंत्र नको, संगणक आणि रेडिओ यांच्यामधली एक वायर पुरे. २००० मध्ये हॅमलिब हा प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे संच एकाच प्रकारच्या आज्ञांनी चालवता येऊ लागले. डेव्ह फ्रीझ यांच्या एफएलडिजीने डझनावारी पद्धती एका खिडकीत आणल्या. जो टेलर यांचा डब्ल्यूएसजेटी हा प्रोग्राम २००१ मध्ये आला आणि २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला. टेलर यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते, जोडी-पल्सारच्या शोधासाठी. अवकाशातून येणारा क्षीण ठोका गोंगाटातून वेगळा काढण्याचे कसब त्यांनी हॅम मंडळींना फुकट दिले.

टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी८ ही पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. दर १५ सेकंदांची एक पाळी: एकाने बोलायचे, पुढच्या पाळीत दुसऱ्याने. संदेश अवघा ७७ बिटांचा. चूक पकडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे बिट जोडून तो १७४ बिटांचा होतो आणि आठ स्वरांतून, जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीत, १२.६४ सेकंद वाजतो. २,५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटापेक्षा सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरपटीने, क्षीण असला तरी संगणक तो वाचतो. कानाला काहीच ऐकू येत नाही आणि पडद्यावर मात्र ब्राझीलचा कॉलसाइन उमटतो. उंच मनोरा आणि मोठा संच ज्याच्याकडे नाही, त्याला हा बदल सर्वांत मोलाचा. अट एकच, संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवे.

त्या ७७ बिटांत पत्ताही असतो. जगाचा नकाशा दोन रेखांश गुणिले एक अक्षांश अशा चौकोनांत वाटलेला आहे आणि प्रत्येकाला दोन अक्षरे व दोन अंकांचे नाव आहे. १९ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व या दोन्ही रेषा बीड जिल्ह्यातच एकमेकींना छेदतात, बीड शहराच्या पूर्वेला पंचवीसएक किलोमीटरवर. त्यामुळे एकाच जिल्ह्याला चार पत्ते मिळाले आहेत. आष्टी एमके७८ मध्ये, गेवराई एमके७९ मध्ये, अंबाजोगाई आणि परळी एमके८८ मध्ये, तर माजलगाव एमके८९ मध्ये. बीड शहर एमके७८ मध्ये येते खरे, पण त्याच्या उत्तर कडेला लागूनच रेषा जाते. चौकोन गोळा करण्याचा नाद असलेल्या हॅमला एका दिवसात गाडीने चारही ठिकाणांहून बोलता येईल असे जिल्हे फार नसतात.

भारताने या सामायिक साठ्यात काय घातले, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा हैदराबादेतच सापडते. तिथले हॅम अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा संच रचला. परदेशी टोरॉइड कडी मिळत नाही, तर नळाच्या नायलॉन वॉशरवर तार गुंडाळा. रोहित्रासाठी टीव्हीच्या अँटेनाजोडातल्या 'बालन'चा गाभा वापरा. कोणत्याही जिल्ह्याच्या गावी मिळणाऱ्या वस्तूंतून पाचसहा वॅटचा, आवाजावर चालणारा संच उभा राहिला आणि त्याची आकृती सर्वांना खुली होती. २०१७ च्या मायक्रोबिटएक्समध्ये आर्डुइनो नॅनो ही प्रोग्राम करता येणारी छोटी पाटी आली, म्हणजे संच आता अर्धा सॉफ्टवेअर झाला. फरहान यांनी तो कोडही उघडा ठेवला, आणि थोड्याच काळात इतर देशांतल्या हॅमांनी तो आपापल्या परीने पुन्हा लिहिला. पुढच्या एसबिटएक्सचे डोके तर रास्पबेरी पाय हा छोटा लिनक्स संगणकच आहे. मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत भारतीय नावे विरळ दिसतात, पण स्वस्त संच आणि खुला कोड यांची सांगड घालण्यात हे काम जगात पहिल्या रांगेतले आहे.

महाराष्ट्राचा वाटा उपग्रहांच्या अंगाने आला. इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट सोडला होता. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' श्रीहरिकोट्याहून उडाला. हॅम मंडळींना संदेशांची देवघेव करता यावी हाच त्याचा हेतू होता. असा उपग्रह डोक्यावर केव्हा येतो हे सांगणारा जीप्रेडिक्ट मुक्त सॉफ्टवेअर आहे. संकेत पकडण्यासाठी जीएनयू रेडिओ आणि २०१२ पासून टीव्हीच्या स्वस्त यूएसबी डोंगलवर चालणारी आरटीएल-एसडीआर ही जोडी आहे. संच स्वतः रचायचा असेल, तर मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाचे ईसिम सर्किटाची आकृती काढून तपासूनही देते, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक पाठ मराठी आवाजात आहेत.

या प्रोग्रामांमध्ये मराठीला जागा मात्र अडचणीचीच आहे. एफटी८ च्या मोकळ्या मजकुरात १३ अक्षरे मावतात, तीही फक्त रोमन लिपीतली, अंक आणि काही चिन्हे. एफएलडिजीतून पीएसके३१ वर देवनागरी पाठवता येते, पण वेळ मोजून. सेकंदाला ३१.२५ बिट जातात. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत दिले आहेत, म्हणून रोमन लिपीतले चार छोट्या अक्षरांचे 'बीड' पाऊण सेकंदाच्या आसपास जाते. देवनागरीत तेच नाव युनिकोडच्या नऊ बाइटांचे होते, प्रत्येक बाइटला लांब संकेत लागतो, आणि त्याला साडेतीन ते चार सेकंद लागतात. मराठी अक्षरांच्या वारंवारतेवर बेतलेले आखूड संकेत तयार करणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. कोड खुला आहे आणि ते करायला कोणाची परवानगी लागत नाही.