मिठाचे पाणी, तांब्याचे वेटोळे आणि रंगमंचावरील पहाट

१/ ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या या मूळच्या ‘पॅलेस थिएटर’चा रंगमंच आणि छत त्या रात्री जळाले. नंतर पडदे, लाकूडकाम, आसने आणि छत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आजचा हा धागा मात्र त्या वास्तूत शतकभर वावरलेल्या, पण कोणत्याही फलकावर न आलेल्या एका कारागिरीविषयी आहे. रंगमंचावरचा उजेड कमीजास्त करण्याची ही कारागिरी. धागा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

२/ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा प्रकाश म्हणजे तेलावर जळणारी ज्योत. ज्योत लावता येते, विझवता येते, झाकता येते. पण प्रयोग चालू असताना ती हळूहळू, सबंध रंगमंचावर एकाच मापाने मंद करणे जवळजवळ अशक्य. म्हणून त्या काळचे नाटक संध्याकाळ शब्दांत सांगत असे आणि पहाट सुरांत. पुढे ग्यासबत्त्या आल्या. झगझगाट वाढला, अडचण तीच राहिली.

३/ विजेने ही अडचण सोडवली, पण आपोआप नव्हे. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरने १८८१ साली विजेचे दिवे लावले, तेव्हा ते मंद करण्याची सोयही सोबत केली होती. दिव्याच्या वाटेत तारेचा अडसर, म्हणजे रोध, घालायचा. रोध वाढवला की प्रवाह घटतो आणि दिवा मंदावतो. कल्पना सोपी होती, किंमत मोठी होती. अडवलेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाचशे वॉटचा दिवा निम्म्या दाबावर आणला, तर त्या रोधाच्या पेटीत दीडशे वॉटच्या आसपास वीज नुसती तापण्यात जाते. असे दहा दिवे असले, तर विंगेत भट्टीच पेटली म्हणायची.

४/ कोल्हापूरला उजेडाशी खेळण्याची सवय जुनी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू आधी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत; मग त्यांना चित्रपटाने झपाटले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने कॅमेरा कोल्हापुरातच स्वतःच्या हातांनी तयार केला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, भारतीय चित्रपटात तो फार लवकरचा मानला जातो. या मंडळींपैकी कोणी अभियांत्रिकीचे महाविद्यालय पाहिलेले नव्हते. बाबूरावांचे मूळ आडनावच मिस्त्री. परदेशी यंत्र उघडून पाहायचे, समजून घ्यायचे आणि आपल्याला परवडेल असे बनवायचे, ही रीत पुढे याच शहरातल्या उद्यमनगरात घरोघर दिसू लागली.

५/ आता हौशी मंडळींकडे येऊ. १९५४ साली तत्कालीन मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केली आणि गावोगावच्या हौशी संस्थांना दरवर्षीचे एक ठिकाण मिळाले. कोल्हापूर हे त्या स्पर्धेचे महत्त्वाचे केंद्र, आणि त्याचे घर म्हणजे हेच नाट्यगृह. संस्थांकडे कल्पना भरपूर असत, पैसा नसे. कारखान्यात तयार झालेला डिमर विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. मग कोणी वायरमन, कोणी शाळेतला विज्ञानशिक्षक, कोणी रेडिओ दुरुस्त करणारा पुढे येई आणि मिठाच्या पाण्याचा डिमर तयार होई.

६/ हा प्रकार आजच्या वाचकाला खोटा वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चिनी मातीची बरणी किंवा गटाराचा भाजका नळ घ्यायचा. तळाशी धातूची एक पत्री. पाणी भरायचे, चिमूटभर मीठ टाकायचे. दुसरी पत्री दोरीने वरून सोडायची. दिव्याची एक तार या पाण्यातून जाते. पत्र्या दूर असल्या की पाण्याचा रोध जास्त, दिवा विझल्यासारखा. पत्री खाली येऊ लागली की दिवा उजळतो. दोरी हळू सोडली की हळू पहाट, चटकन ओढली की संध्याकाळ. खटके नाहीत, टप्पे नाहीत. उतरण इतकी गुळगुळीत, की महागड्या तारेच्या पेटीलाही ती साधत नसे. युरोपातल्या नाट्यगृहांतही द्रवाचे डिमर रीतसर वापरात होते. आपल्याकडे ते बरणीत आले, इतकाच फरक.

७/ बिघाड शोधण्याची खरी परीक्षा मिठात होती. मीठ जास्त झाले, तर पत्री अगदी वर असूनही दिवा मंदच होत नाही. कमी पडले, तर पत्री तळाला टेकली तरी पूर्ण तेज येत नाही. त्यात पाणी तापले की त्याची वाहकता वाढते. म्हणजे पहिल्या अंकात जुळवलेले माप तिसऱ्या अंकात चुकते. पाणी उकळून आटले, तर भर प्रसंगात उजेड पडतो. आणि ते पाणी ‘जिवंत’ असे, म्हणजे २३० व्होल्टला जोडलेले. अंधाऱ्या विंगेत, ओल्या फरशीवर, धावपळीत. हे गमतीने सांगण्यासारखे असले तरी करून पाहण्यासारखे मुळीच नाही. कोणीही घरी हा प्रयोग करू नये.

८/ आणखी एक मेख. पाचशे वॉटसाठी जुळवलेल्या डिमरवर साठ वॉटचा बल्ब लावला, तर तो पुरता मंदच होत नाही. त्याच्या मानाने अडसर अपुरा पडतो. तोडगा म्हणजे प्रेक्षकांना न दिसणारा एक जास्तीचा दिवा मागे, झाकून, त्याच वाटेवर जोडायचा. नाटकात झोपडीतली चिमणी विझत असते आणि पडद्यामागे एक मोठा दिवा तिच्या जोडीने विझत असतो. मला हा तपशील फार आवडतो.

९/ ज्यांना परवडत असे ते डिमरस्टॅट आणत. लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्यावरून फिरणारा कार्बनचा ब्रश. हा अडसर नाही, रोहित्र आहे. दाबच कमी करतो, म्हणून फुकट उष्णता फारशी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली ही वस्तू आपल्याकडे प्रयोगशाळांतून रंगमंचावर आली. वजन मात्र असे, की बसच्या टपावर चढवायला दोन माणसे लागावीत. ब्रश झिजला की ठिणग्या पडतात आणि दिवा थरथरतो, हा त्याचा ठरलेला आजार. दाब शून्यावर आणला म्हणजे तार सुरक्षित झाली, हा त्याच्याविषयीचा ठरलेला गैरसमज. वेटोळे एकच असल्याने मुख्य वाहिनीपासून ते तुटलेले नसते. फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर ‘शून्यावरचा’ होल्डरही झटका देतो.

१०/ १९५९ साली कोलकात्यात तापस सेन यांनी ‘सेतू’मध्ये रंगमंचावरून आगगाडी धावल्याचा आणि ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी भरत गेल्याचा आभास निव्वळ प्रकाशाने उभा केला. त्यांच्या हातीही अत्याधुनिक सामग्री नव्हती. साधन अपुरे असले की कारागीर अधिक विचार करतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या अपुऱ्या साधनांनी किती हात भाजले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

११/ मग सिलिकॉन आले. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी चार थरांच्या अर्धवाहक खटक्याचा लेख प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने त्यापासून जड प्रवाह पेलणारा थायरिस्टर घडवला. काही वर्षांत दोन्ही दिशांनी चालणारा ट्रायॅक आला. विचारच उलटा झाला. वीज अडवायची नाही, वाकवायची नाही, ती कापायची. आपला प्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या करतो, म्हणजे शंभर अर्धलाटा. प्रत्येक अर्धलाटेत ट्रायॅक किती उशिरा उघडायचा, एवढेच ठरवायचे. उशीर जास्त, उजेड कमी. दिव्याची तार इतक्या चटकन थंड होत नाही, म्हणून डोळ्याला लुकलुक दिसत नाही. याच तत्त्वाचा महाकाय अवतार म्हणजे चंद्रपूर–पडघे ही ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी. दोन्ही टोकांना थायरिस्टरच.

१२/ घरगुती मंडळ मोजून पाच-सहा सुट्या भागांचे: ट्रायॅक, डायॅक, एक पॉट, एक-दोन रोध, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉटमधून कपॅसिटर भरत जातो, तीसेक व्होल्टला डायॅक फुटतो आणि ट्रायॅकला इशारा मिळतो. बरणीच्या जागी काड्यापेटीएवढी वस्तू आली. पंख्याच्या रेग्युलेटरमधली तारेची गरम पेटीही याच सुमारास मागे पडू लागली. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जडलेल्या असंख्य मुलांचे पहिले ‘चालणारे’ मंडळ हेच असे.

१३/ पण रंगमंचावर त्याने जुनीच परीक्षा नव्याने घेतली. शून्यातून पॉट फिरवू लागले की दिवा बराच वेळ मुका राहतो आणि मग एकदम मध्यम तेजाने पेटतो! त्यानंतर मात्र तो खाली आणता येतो. कारण असे: डायॅक पहिल्यांदा फुटला की कपॅसिटरमधला थोडा भार निघून जातो, पुढच्या अर्धलाटेची सुरुवात बदलते आणि ट्रायॅक आधीपेक्षा लवकर उघडतो. बैठकीच्या खोलीत हे चालेल. नाटकात सूर्य दचकून उगवतो. त्यावर इलाज म्हणजे आणखी एक रोध आणि आणखी एक कपॅसिटर. किंमत नगण्य, पण कारण कळल्याशिवाय सुचत नाही. मिठाच्या पाण्याला जे फुकट जमत होते, ते सिलिकॉनला शिकवावे लागले.

१४/ दुसरा त्रास संगीत नाटकाला. कापलेल्या लाटेची कड धारदार असते. ती तारांतून ध्वनियंत्रणेत शिरते. तंबोऱ्याच्या षड्जाखाली एक बेसूर गुणगुण सुरू होते आणि गायक नट प्रकाशवाल्याकडे पाहू लागतो. म्हणून चोक बसवायचा, आणि ध्वनी व प्रकाश यांना वेगवेगळ्या फेजवर ठेवायचे.

१५/ आता वाचकांकडे एक काम. एलईडी आणि संगणकीय नियंत्रण आल्यावर हे हाताने बनवलेले बोर्ड भंगारात चालले आहेत. त्यांच्यावर बनवणाऱ्याचे नाव नसते. सनमायक्यावर पेनाने लिहिलेले ‘झोपडी’, ‘चंद्र’, ‘समई’ असे शब्द असतात. एखादी जुनी हौशी संस्था तुमच्या गावात असेल, तर माळ्यावर विचारून पाहा. बोर्ड सापडला तर विजेला जोडू नका. आधी पुढून, मग मागून छायाचित्र घ्या. अक्षरे पुसू नका. कोणी, कोणत्या नाटकासाठी, कशाचा भाग काढून बनवला, ते जाणत्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा.

१६/ आणि एखादा जाणकार इलेक्ट्रिशियन तो तपासायला बसला, तर शेजारी बसून क्रम टिपून घ्या. पाचशेचा दिवा न लावता आधी साठ वॉटचा साधा, तारेचा बल्ब. एलईडी नको, तो जुन्या डिमरवर लुकलुकून भलतेच निदान सुचवतो. पॉट शून्यावर असूनही बल्ब पूर्ण पेटला, तर ट्रायॅक आरपार गेलेला. बहुधा कधीतरी एखादा दिवा उडताना त्यालाही घेऊन गेला असेल. काहीच पेटले नाही, तर फ्यूज, मग पॉट, मग डायॅक. फिरवताना उजेड उड्या मारत असेल, तर पॉटमधला कार्बनचा पट्टा झिजलेला. तो कुठे जास्त झिजला आहे हेही पाहून ठेवा. त्या बोर्डावरचे दिवे सर्वांत जास्त वेळ कोणत्या तेजावर ठेवले जात, ते तिथे कळते.